कुष्ठरोग : जंतुनाशानंतर उरणारा प्रश्न

एखाद्या कुष्ठरुग्णाने बारा महिने नियमितपणे औषध घेतले, त्याच्या अंगावरील चट्टे निवळले आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडला, अशी कल्पना करावी. पुढे दोन वर्षांनी तोच मनुष्य तळपायाला खोल व्रण आणि आखूड झालेली करंगळी घेऊन दवाखान्यात येतो. शेजारीपाजारी म्हणतात, रोग उलटला. रुग्णही बहुधा तसेच समजतो. परंतु त्वचेची तपासणी केली असता जंतूंचा मागमूस लागत नाही. रोग उलटलेला नसतो; तरीही शरीराची झीज चालूच असते. या विसंगतीचा उलगडा कसा करावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. रोगाची क्रिया, तिच्यावरील उपचार आणि रुग्णाचे पुनर्वसन ही तीन वेगवेगळी प्रकरणे नसून एकाच प्रश्नाची तीन अंगे आहेत, हे कुष्ठरोगाइतके स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या एखाद्या रोगात दिसून येत असेल.

जंतूचा स्वभाव

नॉर्वेतील बर्गेन येथे हॅन्सेन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू प्रथम पाहिला. मनुष्याच्या रोगाशी ज्या जंतूंचा संबंध जोडला गेला, त्यांपैकी हा अगदी आरंभीचा होय. असे असूनही मायकोबॅक्टेरिअम लेप्री हा जंतू कृत्रिम पोषकद्रव्यात वाढविणे आजतागायत कोणालाही साधलेले नाही. १९६० मध्ये शेपर्ड यांनी तो उंदराच्या पंजात वाढवून दाखविला. १९७१ मध्ये नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलो या प्राण्यातही तो वाढू शकतो, असे आढळले. या दोन्ही प्रयोगांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : या जंतूला थंडावा मानवतो. उंदराचा पंजा आणि आर्माडिलोचे शरीर ही दोन्ही मनुष्याच्या शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असतात. जंतूची वाढ अत्यंत संथ असते. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणूनच संसर्ग आणि पहिले लक्षण यांमध्ये अनेक वर्षांचे अंतर पडते.

२००१ साली या जंतूच्या जनुकसंचाचे संपूर्ण वाचन प्रसिद्ध झाले. त्यासाठी वापरलेला वाण मुळात तमिळनाडूतील होता. सुमारे ३२ लाख ७० हजार अक्षरांच्या त्या मजकुरात प्रथिने घडविणारी जनुके अवघी सोळाशेच्या आसपास निघाली. अकराशेहून अधिक जनुके निकामी, म्हणजे केवळ अवशेषरूपाने उरलेली, असे दिसून आले. क्षयाच्या जंतूशी नाते सांगणाऱ्या या जंतूने आपल्या जीवनव्यवहाराची बहुतेक साधने गमावली आहेत आणि तो पूर्णपणे आश्रयदात्या पेशीवर विसंबून राहतो. हा आश्रय त्याला विशेषेकरून दोन ठिकाणी मिळतो : त्वचेतील महाभक्षक पेशींत आणि मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींत. बाहेरून शरीरात शिरून परिघीय मज्जातंतूंना असे नित्याचे वसतिस्थान बनविणारे जंतू अत्यंत विरळ होत.

मज्जातंतूची हानी कशी होते

मज्जातंतू हा विद्युत्तारेसारखा मानला, तर मायलिनचे वेष्टन हे त्याचे आवरण होय. हे वेष्टन श्वान पेशी तयार करतात. या पेशींच्या बाहेर लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचे पातळ अस्तर असते. १९९७ पासून पुढील काही वर्षांत रांबुक्कना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, जंतू या अस्तरातील लॅमिनिनच्या एका विशिष्ट प्रकाराला चिकटतो आणि त्याच्या आधारे पेशीच्या पृष्ठभागावरील डिस्ट्रोग्लायकन या प्रथिनापर्यंत पोहोचतो. जंतूच्या अंगावरील एक विशिष्ट मेदद्रव्य, फिनॉलिक ग्लायकोलिपिड, ही या कुलुपाची किल्ली होय. २००२ मध्ये याच गटाने प्रतिकारक्षम पेशींचा अभाव असलेल्या उंदरांवर प्रयोग करून, जंतूच्या केवळ स्पर्शानेही मायलिनचे वेष्टन विघटित होऊ शकते, असे प्रतिपादन केले. म्हणजे हानीसाठी शरीराचा प्रतिकार आवश्यकच आहे, असे नाही.

तथापि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या झेब्रा माशांवरील संशोधनाने चित्राची दुसरी बाजू पुढे आणली. या माशांची पिल्ले पारदर्शक असल्यामुळे त्यांच्या शरीरातील घडामोडी जिवंतपणीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. तेथे असे आढळले की, मज्जातंतूंवरून सतत फिरणाऱ्या महाभक्षक पेशी जंतूंना गिळतात आणि वर उल्लेखिलेल्या मेदद्रव्यामुळे चेतून नायट्रिक ऑक्साइडासारखी क्रियाशील द्रव्ये निर्माण करतात. या द्रव्यांनी जंतूपेक्षा मज्जातंतूचेच अधिक नुकसान होते. रक्षकाने चोरासाठी लावलेल्या आगीत घरच जळावे, तशातला हा प्रकार आहे. ही दोन निरीक्षणे परस्परांना खोडून काढतात असे मानण्याचे कारण नाही. मनुष्याचा रोग वर्षानुवर्षे चालतो, आणि त्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर दोन्ही क्रियांना वाव असू शकतो.

यांत तिसरी आणि रुग्णालयात नित्य दिसणारी क्रिया म्हणजे ‘प्रतिक्रिया’. रोग्याची प्रतिकारशक्ती एकाएकी उसळून येते, चट्टे लाल होऊन सुजतात आणि मज्जातंतू फुगतो. कोपराच्या आतील बाजूस, गुडघ्याच्या बाहेरील बाजूस आणि घोट्याच्या आतील हाडामागे हे मज्जातंतू त्वचेलगत, म्हणून थंड आणि शिवाय अरुंद जागेतून जातात. सूज आली की तेथे त्यांना पसरण्यास जागा उरत नाही आणि दाबामुळे रक्तपुरवठा खुंटतो. ही प्रतिक्रिया उपचारापूर्वी, उपचार चालू असताना आणि उपचार संपल्यानंतरही उद्भवू शकते. कारण मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात दीर्घकाळ राहतात आणि प्रतिकारशक्तीला मेलेला व जिवंत जंतू यांतील भेद कळत नाही. आरंभी मांडलेल्या कोड्याचे पहिले उत्तर येथे मिळते. जंतू मारणे आणि मज्जातंतू वाचविणे ही दोन कार्ये एक नव्हेत.

औषधोपचाराचे यश आणि त्याची मर्यादा

अमेरिकेतील कार्व्हिल येथे १९४१ पासून सल्फोन वर्गातील औषधांचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे डॅप्सोन ही स्वस्त गोळी सर्वत्र प्रचारात आली. परंतु एकट्या डॅप्सोनला न जुमानणारे जंतू निपजतात, हे १९६४ साली मलाया येथील संशोधनाने सिद्ध झाले. त्यावर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. भारताने १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे या बहुविध औषधोपचाराचा अवलंब केला. त्याचे यश निर्विवाद आहे. दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण ही मर्यादा देशाने २००५ च्या अखेरीस गाठली. तरीही २०२२ साली जगात नोंदल्या गेलेल्या १,७४,०८७ नव्या रुग्णांपैकी १,०३,८१९ भारतातील होते, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

मज्जातंतूच्या सुजेवर मात्र जंतुनाशक औषध नव्हे, तर प्रेडनिसोलोन हे दाहशामक द्यावे लागते. ते वेळेवर, म्हणजे हानी सुरू झाल्यापासून साधारणतः सहा महिन्यांच्या आत सुरू केल्यास गेलेली शक्ती आणि संवेदना बऱ्याच अंशी परत येऊ शकतात. विलंब झाल्यास ती आशा मंदावते. औषध वीस आठवडे द्यावे की बत्तीस, याची तुलना करणारी एक मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांतील सुधारणा सारखीच निघाली. तात्पर्य, औषध किती लांबवावे यापेक्षा ते किती लवकर सुरू करावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि लवकर ओळखण्याचे साधन अत्यंत साधे आहे : ठरावीक जाडीच्या नायलॉनच्या तंतूने, तो नसल्यास बॉलपेनच्या टोकाने, तळहात व तळपाय यांची संवेदना तपासणे आणि करंगळी, अंगठा, पाऊल व पापणी यांचे बळ पाहणे. ही तपासणी दर भेटीत झाली नाही, तर अत्यंत प्रभावी औषधे हाताशी असूनही रुग्णाचा हात जातो.

वेदनेचा अभाव हाच अपाय

ज्यांची संवेदना परत येत नाही त्यांचे काय होते, याचे शास्त्रशुद्ध उत्तर वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ साली आलेल्या पॉल ब्रँड या शल्यविशारदाने शोधले. कुष्ठरोगाने बोटे ‘झडतात’ अशी समजूत तोवर रूढ होती. जंतू मांसच खातो, असे मानले जाई. ब्रँड यांनी जखमांची एकेक करून बारकाईने नोंद ठेवली आणि असे दाखविले की, बोटे झडत नाहीत, ती नकळत झिजविली जातात. चुलीवरचे भांडे फडक्यावाचून उचलणे, खुरप्याची अरुंद मूठ गरजेपेक्षा घट्ट आवळणे, चपलेतील खिळा दिवसभर टोचत राहणे, या साऱ्या गोष्टी निरोगी मनुष्याला वेदना क्षणात थांबवावयास लावते. ज्याची वेदनाच हरपली आहे, तो थांबत नाही. जखमेवरच तो चालत राहतो, जखम हाडापर्यंत पोहोचते, हाडात पू होतो आणि बोट आखूड होते. शिवाय घर्मग्रंथींचे मज्जातंतूही निकामी झाल्यामुळे त्वचा कोरडी पडून तिला भेगा जातात. म्हणजे विद्रूपता हे बहुतांशी रोगाचे प्रत्यक्ष कार्य नसून संवेदनाशून्यतेचा परिणाम आहे. आरंभीच्या कोड्याचे दुसरे उत्तर ते हेच.

शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन

ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास वाकड्या झालेल्या बोटांवर कंडरा-स्थानांतराची शस्त्रक्रिया सुरू केली. कोपराजवळचा मज्जातंतू निकामी झाला की तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटे नखांसारखी आत वळतात. अशा वेळी दुसऱ्या, शाबूत मज्जातंतूवर चालणाऱ्या एखाद्या स्नायूची कंडरा सोडवून, तिचे चार फाटे करून ते चार बोटांना जोडतात. पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नोशिर अंतिया यांनी या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेचा महाराष्ट्रात पाया घातला.

येथे दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, शस्त्रक्रियेने कार्य अर्धेच होते. मनगट उचलणाऱ्या स्नायूला आता बोटे सरळ करावयाची असतात. हे नवे काम रुग्णाला कित्येक आठवड्यांच्या व्यायामाने शिकावे लागते. भौतिकोपचार ही शस्त्रक्रियेनंतरची शोभा नसून तिचाच उत्तरार्ध होय. दुसरी गोष्ट अशी की, शस्त्रक्रियेने हालचाल परत येते, संवेदना येत नाही. हात सरळ झाला म्हणून रुग्ण अधिक काम करू लागतो आणि काळजी न घेतल्यास अधिक जखमा करून घेतो. म्हणून संवेदनेचे काम डोळ्यांवर आणि सवयीवर सोपवावे लागते. रोज संध्याकाळी हातपाय निरखून पाहणे, पाय पाण्यात भिजवून घट्टे वज्रीने हलक्या हाताने घासणे, मग खोबरेल तेल लावणे, हत्यारांच्या मुठी जाड करणे आणि सूक्ष्मछिद्री रबराच्या मऊ चपला वापरणे, हा तो दिनक्रम होय. दिसावयास तो क्षुल्लक वाटतो. परंतु पाऊल वाचते ते यानेच.

ब्रँड १९६६ मध्ये कार्व्हिल येथे गेले आणि तळपायाच्या व्रणावर सर्वांगी बसणारा प्लास्टरचा साचा घालण्याची पद्धत, तसेच पावलावरील दाबाचे मोजमाप, यांचा तेथे पुढील अभ्यास झाला. मधुमेहाने बधिर झालेल्या पावलांच्या उपचारात आज ही पद्धत मान्यता पावली आहे. ज्यांना समाजाने गावाबाहेर ठेवले त्यांच्या पावलांवरून मिळालेले ज्ञान असे आज मधुमेहाच्या असंख्य रुग्णांच्या उपयोगी पडत आहे.

उपसंहार

पुनर्वसनाला शरीराप्रमाणेच समाजाचेही अंग आहे. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून, रुग्णाला दया नव्हे तर काम दिले पाहिजे, हा विचार आचरणात आणला. कायद्याची गती मात्र मंद राहिली : १८९८ चा कुष्ठरोगी अधिनियम २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरविणारी तरतूद व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आली. रोग पूर्ण बरा होऊ लागल्यानंतर कित्येक दशकांनी हे घडले. कलंकाच्या भीतीने रुग्ण चट्टा लपवितो आणि उशिरा येतो. आणि उशिराचा अर्थ काय होतो, ते वर सांगितलेच आहे. या दृष्टीने सामाजिक कलंक हाही मज्जातंतुहानीच्या कारणपरंपरेतील एक दुवाच मानला पाहिजे.

श्वान पेशी आणि जंतू यांच्या संबंधाचे ज्ञान आज बरेच सूक्ष्म झाले आहे. परंतु नष्ट झालेला मज्जातंतू पुन्हा उभा करणारे औषध अद्याप हाती नाही. ते मिळेपर्यंत बधिरतेची तपासणी उपचाराच्या पहिल्या दिवशी सुरू झाली पाहिजे आणि ‘उपचार पूर्ण’ या शेऱ्यानंतरही ती चालू राहिली पाहिजे. जंतू गेल्याची नोंद करणे सोपे आहे. रुग्णाचा हात शाबूत राहिला की नाही, हे पाहणे हीच उपचाराची खरी कसोटी होय.