टोकियोहून येणारे विमान

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त टोकियोला असतो. त्याचे विमान मुंबईहून रात्री आठला सुटते आणि सकाळी साडेसातला टोकियोस उतरते. परतताना ते सकाळी साडेअकराला निघून सायंकाळी पावणेसहाला मुंबई गाठते. या वेळांवरून आमच्या आईने एक सिद्धान्त मांडला आहे. जाताना साडेअकरा तास आणि येताना अवघे सव्वासहा! "घरची ओढ विमानालासुद्धा असते हो," असे ती आल्यागेल्याला सांगते.

सिद्धान्त गोड आहे. पण ती घड्याळाची फसवणूक आहे. टोकियोचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. हा हिशेब जमेस धरला, की जाण्याचा प्रवास आठ तासांचा आणि येण्याचा पावणेदहा तासांचा ठरतो. म्हणजे खरी गोष्ट नेमकी उलटी! अंतर तेच, सुमारे पावणेसात हजार किलोमीटर. मग हे पावणेदोन तास जातात कुठे?

ते वारा खातो. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदीच वाहत असते. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उष्ण हवा यांच्या सीमेवर तिचा उगम. हिवाळ्यात सैबेरिया गारठला, की जपानवर तिचा वेग कधी कधी ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो.

ही नदी प्रथम मोजणाऱ्यांपैकी एक जपानी शास्त्रज्ञ होते, वासाबुरो ओइशी. तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांनी तिचा वेध घेतला आणि १९२६ साली निष्कर्ष छापले. साऱ्या जगाला कळावेत म्हणून ते त्यांनी एस्पेरान्तो या विश्वभाषेत लिहिले. साहजिकच फारसे कोणी वाचले नाहीत! १९४४ साली जपानवर आलेल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना हा वारा आडवा आला, तेव्हा कुठे त्याची खरी ओळख पटली. भाषेच्या मास्तराला ही गोष्ट जरा लागतेच.

आता थोडे गणित. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी ९० धरा. वारा नसता, तर जाऊनयेऊन बरोबर १५ तास लागले असते. वारा असताना जायला ६ तास ४९ मिनिटे आणि यायला ८ तास २० मिनिटे, म्हणजे एकूण १५ तास ९ मिनिटे. वारा जाताना जे देतो, त्याहून थोडे अधिकच येताना वसूल करतो.

ती वसुली आम्ही एका जानेवारीत अनुभवली. अण्णा इस्पितळात होते आणि भाऊ विमानात. आई दर घटकेला विचारी, "अजून कसा नाही आला?" समोरून वारा आहे, असे मी म्हणालो. ती एवढेच म्हणाली, "मग पोराने काय करावे?" भाऊ रात्री आठला पोहोचला. अण्णांनी त्याला ओळखले, त्याचा हात हातात घेतला. पहाटे ते गेले.

यंदा दिवाळीला भाऊ येतो आहे. आईने चकलीची भाजणी दळून आणली आहे आणि विमान सव्वासहा तासांत येते, असे ती शेजारणींना सांगते आहे. मी जवळच बसलेला असतो. पण मध्ये बोलत नाही.