स्पीकर बदलण्याआधी खोली ऐका

कॅनडात घर घेतलं, की मराठी माणसाची पुढची यादी जवळपास ठरलेली असते. पहिल्या उन्हाळ्यात डेक, त्यानंतर बेसमेंट. आणि बेसमेंट म्हटलं की होम थिएटर आलंच. नोव्हेंबर ते मार्च बाहेर पडायची फारशी सोय नसते. मग शनिवारी चार कुटुंबं जमतात, मिसळीचा बेत होतो आणि मोठ्या पडद्यावर एखादं जुनं नाटक नाहीतर नवा सिनेमा लागतो. मिसिसागा असो, ब्रॅम्प्टन असो की कॅलगरी, चित्र फारसं वेगळं नाही.

तक्रारही सगळीकडे तीच. "अरे, ते बोलतात काय तेच कळत नाहीये!" मारामारी सुरू झाली की घर हादरतं आणि नायक कुजबुजला की रिमोटची शोधाशोध सुरू होते. यजमान मग जाहीर करतात, "या वर्षी स्पीकर बदलायचेत." हजार-दोन हजार डॉलर जातात, नवे स्पीकर येतात, पहिला आठवडा छान वाटतं. मग पुन्हा तेच.

याचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो सुपर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना. वयानुसार कानाला आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, आणि शब्दांची ओळख पटते ती नेमकी त्याच आवाजांवर. 'ताट' आणि 'थाट', 'पळ' आणि 'फळ' यांतला फरक म्हणजे हवेचा एक छोटासा फुत्कार. खोली घुमत असेल तर आधीच्या स्वराची शेपटी त्या फुत्कारावर येऊन पडते आणि शब्द पुसला जातो. कानाचं यंत्रही फार मदत करत नाही, कारण ते शब्दाबरोबर घुमणंही मोठं करतं. आजोबा पाच-दहा मिनिटं प्रयत्न करतात, मग "तुम्ही बघा, मी जरा पडतो" म्हणून वर निघून जातात. आपल्याला वाटतं, त्यांना सिनेमा आवडला नाही. बहुतेक वेळा त्यांना तो ऐकूच आलेला नसतो.

उघडी खिडकी हे माप

या दुखण्याचं मूळ पहिल्यांदा नीट मोजलं ते हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये तिथल्या फॉग कला संग्रहालयातलं व्याख्यानगृह वापरण्याजोगं राहिलं नव्हतं. वक्त्याचा एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे तेवढ्यात पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन आदळायचे. सॅबिनने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या खोलीत मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं याची मोजणी केली. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे. १९०० मध्ये सुरू झालेलं बॉस्टनचं सिम्फनी हॉल याच अभ्यासाच्या आधारावर उभं राहिलं.

सॅबिनने आवाज शोषण्याचं जे माप ठरवलं, ते होतं उघडी खिडकी! उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शंभर टक्के शोषण. आता आपल्या गावाकडचं घर आठवा. दारं-खिडक्या दिवसभर सताड उघडी, कोपऱ्यात गाद्यांची चळत, दोरीवर कपडे, खाटेवर गोधड्या. तिथे टीव्हीचा आवाज घुमायला जागाच नसते. इथल्या बेसमेंटला उजेडापुरती एखाद-दुसरी खिडकी, तीही जानेवारीत बर्फाखाली. गुळगुळीत ड्रायवॉल, खाली लॅमिनेट, समोर काचेचा टीव्ही. आवाजाला बाहेर पडायला वाटच नाही. विजापूरच्या गोलघुमटाला शाळेच्या सहलीत आपण टाळ्या वाजवून प्रतिध्वनी मोजतो. आपलं बेसमेंट हे त्याचंच धाकटं भावंड. फरक इतकाच, की छोट्या खोलीत प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही, तो मूळ आवाजात मिसळून त्याला गढूळ करतो.

थोडं गणित करू. खोली २० फूट लांब, १३ फूट रुंद, साडेसात फूट उंच धरा. आकारमान साधारण ५५ घनमीटर, आणि भिंती, छत, जमीन मिळून ९४ चौरस मीटर. रिकामी खोली सरासरी दहा टक्के आवाज शोषते असं मानलं, तर सॅबिनच्या सूत्राने आवाज विरायला जवळपास एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात तो आडव्या भिंतींमध्ये ऐंशीहून अधिक फेऱ्या मारतो. सिनेमा पाहण्यासाठी हा वेळ ०.३ ते ०.५ सेकंद असला की बरं. ०.४ सेकंदावर यायचं तर आणखी सुमारे १३ चौरस मीटर 'उघडी खिडकी' लागते. जाड गालिचा, कापडी सोफा आणि बसलेली माणसं मिळून त्यातला साधारण निम्मा भाग भरून काढतात. उरलेल्यासाठी चार फूट बाय दोन फुटांची आठ ते दहा पॅनेल पुरतात. एवढाच काय तो मामला.

ओटावामधली पडद्याआडची परीक्षा

या विषयात कॅनडाचं नाव जगभर आदराने घेतलं जातं, हे इथे राहणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल हे शास्त्रज्ञ १९६५ पासून १९९१ पर्यंत काम करत होते. त्यांनी स्पीकर पडद्याआड ठेवले, ऐकणाऱ्यांना ब्रँड, किंमत, आकार काहीच दिसू दिलं नाही आणि फक्त कानाने गुण द्यायला सांगितले. स्पीकरची मोजमापं परिषदेच्या प्रतिध्वनिरहित कक्षात घेतली. डोळे मिटले की माणसांची पसंती बरीच जुळते आणि ती मोजमापांवरून ओळखताही येते, असं त्यातून दिसलं. पीएसबी, पॅराडाइम यांसारख्या कॅनेडियन कंपन्यांची जडणघडण याच प्रयोगशाळेच्या आधाराने झाली.

टूल यांचा दुसरा मुद्दा आपल्या कामाचा आहे. खालच्या पट्टीत, साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली, तुम्ही जे ऐकता त्यावर स्पीकरपेक्षा खोलीचा अंमल जास्त असतो. म्हणजे महागडा सबवूफर आणला, तरी तो कसा वाजणार हे तुमच्या भिंती ठरवणार. आपल्या २० फुटी खोलीत २८ हर्ट्झच्या आसपास लांबीची लहर उभी राहते, ४३ला रुंदीची, ७५ला उंचीची. कुठे डग्ग्याची थाप पोटात बसते, तर दोन खुर्च्या सोडून ती गायबच होते.

काय करावं, कुठून सुरुवात करावी

पहिलं काम फुकटात होतं, ते म्हणजे सोफा हलवणं. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर खालचे सूर फुगतात, खोलीच्या बरोबर मध्यावर काही सूर हरवतात. वीस फुटांच्या खोलीत पडद्याच्या भिंतीपासून बारा-तेरा फुटांवर बसून पाहा. सबवूफरची जागाही अशीच शोधतात. तो तात्पुरता सोफ्याच्या जागी ठेवायचा, बेस असलेलं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरायचं. जिथे बेस एकसारखा ऐकू येतो तिथे सबवूफर. घरची मंडळी हसतील, हसू द्या.

दुसरं, आरशाची युक्ती. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज उडी मारून तुमच्या कानाशी येतो. दोन्ही भिंतींवर तिथे पॅनेल लावा. मग छत आणि सोफ्यामागची भिंत. गाणी ऐकताना बाजूचा थोडा परतलेला आवाज अनेकांना आवडतो, त्याने गाणं मोकळं वाटतं, असं टूल यांचंही म्हणणं. त्यामुळे सगळ्या भिंती मढवू नका. खोली मेल्यासारखी होते, आणि तिथे साध्या गप्पाही माराव्याशा वाटत नाहीत.

तिसरं, पॅनेल कसलं? इथल्या हार्डवेअरच्या दुकानात खनिज लोकरीचे गठ्ठे मिळतात. रॉकवूल, म्हणजे पूर्वीचं रॉक्सुल, ओंटारियोत मिल्टनलाच बनतं. बेसाल्ट खडक वितळवून त्याचे तंतू काढतात. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा, त्याच जातीचा खडक! लाकडी चौकट करायची, चार इंच जाडीची लोकर बसवायची, वरून हवा आरपार जाईल असं कापड ताणायचं. कापडाला तोंड लावून फुंकर मारून बघा; पलीकडे गेली तर चालेल. भिंतीपासून दोनेक इंच अंतर सोडलं की पॅनेल आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करतं. काम करताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. आईची जुनी गोधडी भिंतीवर टांगली तर? दिसायला सुरेख, पण ती पातळ असते. वरचे सूर तेवढे शोषते, बेसला तिचा पत्ताही लागत नाही. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटर लांब असते, ती इंचभर कापडाला काय जुमानणार? बेससाठी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड लोकर भरावी लागते. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. लाकडी सांगाड्यावरची ड्रायवॉल थोडी थरथरते आणि काही बेस स्वतःच गिळते. भारतातल्या विटा-सिमेंटच्या खोलीला ही सवलत नाही.

चौथं, मोजमाप. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मोजणीचा मायक्रोफोन जेमतेम एका चांगल्या जेवणाच्या खर्चात बसतो. पॅनेल लावण्याआधी आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवला, की वादाला जागा राहत नाही. रिसीव्हरमधली आपोआप दुरुस्ती सगळ्यात शेवटी चालवा. ती बेसचे उंचवटे छाटते, पण जिथे लहरी एकमेकींना खाऊन टाकतात तो खड्डा आवाज वाढवून भरत नाही आणि घुमणं तर मुळीच काढत नाही.

हे मात्र करू नका

स्वस्त फोमच्या फरश्या भिंतीला चिकटवू नका. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्या पडल्या त्या आवाज अडवण्यासाठी भिंतीवर लावलेल्या पॉलियुरेथेन फोमवर. काही मिनिटांत आग पसरली आणि १०० माणसं गेली. बेसमेंटमधून बाहेर पडायला बहुधा एकच जिना असतो, हे विसरून चालणार नाही. खनिज लोकर जळत नाही. अंड्यांचे पुठ्ठे मात्र जळतात, आणि आवाजासाठी त्यांचा उपयोग जवळपास शून्य.

काँक्रीटच्या उघड्या बाहेरच्या भिंतीला लोकर चिकटवू नका, थंडीत तिथे ओल धरते आणि बुरशी येते. फर्नेस खोलीच्या घरघरीनेही संवाद बुडतात, म्हणून तिथलं दार घट्ट बंद करावंसं वाटतं. पण फर्नेस आणि गॅसच्या गीझरला हवा लागते. तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय तिथली एकही फट बुजवू नका.

आणि एक गैरसमज. या पॅनेलने खोलीतला आवाज सुधारतो, वर झोपलेल्या बाळापर्यंत जाणारा आवाज थांबत नाही. त्यासाठी ड्रायवॉलचे दोन थर, छत जोइस्टपासून सुटं करणं, फटी बुजवणं हे वेगळं आणि खर्चिक काम आहे. बेसमेंट फिनिश होण्याआधीच ते ठरवलेलं बरं.

लाकूड, लोकर, कापड धरून दहा पॅनेलचा खर्च नव्या स्पीकरच्या जोडीपेक्षा सहसा कमीच येतो. दोन शनिवार-रविवार जातात, मुलांना हातोडी धरायला मिळते. परीक्षा घ्यायला आलेख आहेच, पण घरात त्याहून चांगला परीक्षक असतो. जुनं नाटक लावा, आवाज नेहमीपेक्षा दोन पायऱ्या कमी ठेवा, उपशीर्षकं बंद करा आणि आजी-आजोबांच्या चेहऱ्याकडे बघा. विनोदावर ते तुमच्याबरोबरच हसले, "काय म्हणाला रे?" असं विचारावं लागलं नाही, तर खोली जमली.