व्हिडिओत बोलावे कसे? गल्ल्यावर बोलता तसे!

आपल्या बीडच्या बाजारातले तरुण दुकानदार हल्ली मोबाईलवर मालाचे व्हिडिओ टाकतात. बहुतेक जण सुरतच्या बड्या व्यापाऱ्यांची नक्कल करतात आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून महिन्याभरात कंटाळतात.

शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी २०२० साली, सत्तरीच्या घरात असताना, नातू यश पाठकच्या मदतीने 'आपली आजी' हे यूट्यूब चॅनेल काढले. नक्कल कुणाचीच नाही. स्वयंपाक घरचा, बोली गावची. त्यांची कारल्याची भाजी लाखोंनी पाहिली.

मीही आधी पुस्तकी मराठीत बोलून पाहिले. उर्दू शाळेत शिकलेल्याची जीभ अडखळणारच! मग कॅमेरा विसरून समोर गिऱ्हाईक बसले आहे असे समजून थान उलगडले, तेव्हा कुठे जमले.

एका व्हिडिओत एकच थान घ्यावे. पन्हा मोजून दाखवावा, मीटरचा भाव स्पष्ट सांगावा. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का, तेही दाखवावे. विणीत दोष असेल तर तो भाग कॅमेऱ्यासमोर धरावा. मालातला ऐब सांगणे शरीयतने आपल्यावर बंधनकारक केलेच आहे, आणि गेवराईत बसलेल्या गिऱ्हाइकाला तर कापड हातात घेऊन पाहता येत नाही.