घरची कीर्द

व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवेलागण झाली म्हणजे कीर्द मांडल्यावाचून मुनीम उठत नाही. आवक किती, जावक किती व शिल्लक किती, याचा मेळ बसला तरच पेढीस कुलूप लागते. परंतु त्याच व्यापाऱ्यास त्याच्या संसाराची कीर्द कोठे आहे असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. दुकानातील शंभर रुपयांची चूक ज्यास झोप येऊ देत नाही, त्यास घरातील दहा हजार रुपये महिन्याकाठी कोठे गेले हे ठाऊक नसते. नोकरदारांची स्थितीही याहून निराळी नाही. ही विसंगती दिसावयास लहान असली तरी तिचे परिणाम लहान नाहीत. म्हणून आज तिचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

काटकसरीची गोष्ट काढली की एक आक्षेप हटकून येतो, व तो अगदीच निराधार नाही. लोक कर्जबाजारी झाले की त्यांच्या लग्नकार्यांकडे बोट दाखवून मोकळे व्हावयाचे, ही सुखवस्तू लोकांची जुनी खोड आहे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्या दंग्यांची चौकशी करणारे कमिशन सरकारनेच नेमलेले होते; तथापि रयतेच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चास वाजवीपेक्षा फाजील महत्त्व दिले जाते, असा अभिप्राय त्यासही नमूद करावा लागला. हा अभिप्राय आम्हांस मान्य आहे. ज्याच्या हाती पोटापुरतेही येत नाही, त्यास शिल्लक टाकण्याचा उपदेश करणे ही निव्वळ थट्टा होय. त्याचा प्रश्न मजुरीचा, पिकाच्या भावाचा व व्याजाच्या दराचा आहे. आमचे आजचे बोलणे ज्यांच्या हाती गरज भागून चार पैसे उरावयास हवेत, आणि तरीही उरत नाहीत, त्यांच्याशी आहे.

अशा घरांत काटकसर होतच नाही असे नव्हे. ती भलत्या जागी होते. गृहिणीचे औषध पुढच्या महिन्यावर ढकलले जाते, मुलीच्या शिकवणीस कात्री लागते, आणि मांडवाच्या रोषणाईस मात्र हात आखडत नाही, कारण तेथे लोक काय म्हणतील हा प्रश्न उभा असतो. पहिल्या प्रकारास कृपणता व दुसऱ्यास उधळपट्टी म्हणतात, आणि ही दोन्ही एकाच घरात सुखाने नांदत असतात. काटकसर म्हणजे खर्चाचा क्रम लावणे होय. आरोग्य, शिक्षण व अडीअडचणीची शिल्लक ही आधी. मानपान व हौस त्यानंतर.

आता थोडा हिशेब पाहू. लग्नासाठी पाच लाख रुपये शेकडा १२ दराने पाच वर्षांच्या मुदतीने काढले, तर दरमहा सुमारे ११,१०० रुपयांचा हप्ता पडतो व एकंदर फेड ६ लाख ६७ हजारांवर जाते. म्हणजे एका दिवसाच्या थाटापायी जोडप्याच्या संसाराची पहिली पाच वर्षे गहाण पडतात. क्रेडिट कार्डाची गोष्ट याहून कठीण. महिन्याला शेकडा तीन हा आकडा कानास सौम्य लागतो. पण त्या दराने २०,००० रुपयांची बाकी वर्षभर तशीच राहिली, तर दंड व इतर आकार सोडूनही ती २८,५०० च्या घरात जाते. ज्या सावकाराच्या व्याजास आमचे आजे शिव्या देत, त्याच्या दराशी हा दर ताडून पाहावा.

यावर उपाय काय? पहिला उपाय कीर्दीचाच. यूपीआयची सोय २०१६ साली झाल्यापासून दिलेल्या पैशाची नोंद बँकेत आपोआप होते हे खरे. परंतु नोंद कोणी वाचलीच नाही तर ती असून नसल्यासारखी. आठवड्यातून एकदा नवराबायकोने एकत्र बसून ती वाचावी. कमावणारा कोणीही असो, हिशेब दोघांस ठाऊक असावा. कारण घरधनी अकस्मात गेल्यावर ठेव कोठे व देणे किती हे ठाऊक नसलेल्या स्त्रीची जी परवड होते, ती कोर्टकचेऱ्यांत आम्ही पुष्कळ पाहिली आहे. दुसरा उपाय, शिल्लक आधी काढावी व उरलेल्यात खर्च भागवावा. तिसरा खास व्यापाऱ्यांसाठी: गल्ला व घर यांची सरमिसळ करू नये; पेढीतून घरखर्चास दरमहा ठराविक रक्कम उचलावी आणि दिवाळीचा नफा झाला म्हणून ती वाढवू नये.

साठवलेला पैसा ठेवावा कोठे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. बँकेतील ठेवींस आपल्याकडे १९६२ पासून विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा दर बँकेमागे दर ठेवीदारास, व्याजासह, पाच लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थांतील ठेवींस हे संरक्षण लागू नाही, हे अनेकांस पैसे बुडाल्यावर कळते. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने १९९९ साली केला व अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी घालणारा कायदा देशाने २०१९ साली केला. परंतु कायद्याने जप्ती होऊन पैसा हाती येईतो वर्षे लोटतात. यास्तव दामदुपटीचे आमिष दाखविणाऱ्यास एवढेच विचारावे, की इतका नफा असता तो आमच्या दारी कशास येता?

आणखी एक गोष्ट व्यापारी वाचकांनी अवश्य ध्यानात धरावी. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याच्या ६ व्या कलमान्वये, पतीने आपल्या आयुष्याचा विमा पत्नीच्या किंवा मुलांच्या हितासाठी असे स्पष्ट लिहून उतरविला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त-निधी ठरते व धनकोंस तिच्यावर हात टाकता येत नाही. मात्र धनकोंस फसविण्याच्या हेतूने हप्ते भरलेले नसावेत. हिंदू कुटुंबांस हा लाभ आमच्या प्रांतात १९२३ पासून मिळाला. शंभर वर्षे होऊन गेली, तरी किती पेढीवाल्यांनी त्याचा उपयोग केला आहे?

थोड्या पैशाने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी पैसाफंडाचे स्मरण करावे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडे पैसा पैसा मागितला तेव्हा हसणारे पुष्कळ होते. त्याच पैशांतून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. परतंत्र देशातील लोकांनी पैशापैशाने कारखाना उभारला, तर स्वतंत्र देशातील सुशिक्षित गृहस्थास वर्षाकाठी तीन महिन्यांचा घरखर्च शिलकीस टाकणे अशक्य कसे म्हणावे? ज्याच्या घरी ही शिल्लक आहे, तो अन्याय करणाऱ्या धन्यास नाही म्हणू शकतो आणि मुलीचे लग्न घाईने उरकण्याऐवजी तिला शिकवू शकतो. गृहस्थाचे स्वातंत्र्य ते हेच, आणि ते दुसऱ्या कोणी आणून द्यावयाचे नाही.