तंबुरा, कॅमेरा आणि श्रोते

१९८८ च्या हिवाळ्यात दूरदर्शनच्या प्रेक्षकांना एकाच पडद्यावर दोन महाभारते पाहावयास मिळाली. एक बी. आर. चोप्रा यांचे; मुकुट, रथ आणि बाणांच्या आतषबाजीने नटलेले. दुसरे श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या मालिकेतील. या दुसऱ्या महाभारतात अभिनित प्रसंगांच्या जोडीला एक स्त्री मोरपिसांनी सजविलेला तंबुरा उंचावून उभी राही, आणि तोच तंबुरा क्षणात भीमाची गदा तर क्षणात अर्जुनाचे धनुष्य होई. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंची पंडवानी देशभरातील घराघरांत पोचली ती अशी.

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. छत्तीसगढी बोलीतील या गायनाच्या दोन शैली सांगितल्या जातात. वेदमती शैलीत गायक बसून कथा सांगतो. झाडूराम देवांगन हे या शैलीतील मोठे नाव. कापालिक शैलीत गायक उभा राहतो, रंगमंचभर फिरतो, गर्जतो, रडतो. ही दुसरी शैली पुरुषांची मानली जाई. तीजनबाईंनी आजोबा ब्रिजलाल यांच्या तोंडून महाभारत ऐकले, उमेदसिंह देशमुख यांच्याकडे शिक्षण घेतले आणि वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिला कार्यक्रम केला. बिदागी दहा रुपये. हिशेबाच्या वहीत ही रक्कम किरकोळच ठरेल. परंतु त्या दहा रुपयांसाठी मोजावी लागलेली किंमत कोणत्याही वहीत बसणारी नव्हती. मुलीने उभे राहून गावे, हे पारधी समाजातील लोकांना रुचले नाही. त्यांना जातीबाहेर काढण्यात आले. स्वतःची झोपडी बांधून, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी आणि अन्न मागून त्यांनी दिवस काढले, पण गाणे सोडले नाही. तीजनबाईंच्या गायनावरील श्रोत्यांचा पहिला अभिप्राय हा असा होता!

पुढे रंगकर्मी हबीब तन्वीर यांनी त्यांचे गुण हेरले. परदेशातील महोत्सव झाले, भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीही मिळाली. छत्तीसगढीचा एक शब्दही न कळणारे परदेशी श्रोते त्यांच्यासमोर खिळून बसत.

पण प्रत्यक्ष मैफल आणि तिचे चित्रण या दोन गोष्टी एक आहेत काय? पाश्चात्य रॉक संगीताच्या रसिकांमध्ये हा वाद जुना आहे. ‘वुडस्टॉक’ (१९७०) या चित्रपटात गायकांइतकेच महत्त्व चिखलात लोळणाऱ्या, नाचणाऱ्या श्रोत्यांना आहे. याउलट जोनाथन डेमी यांनी ‘टॉकिंग हेड्स’ या वाद्यवृंदावर काढलेल्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ (१९८४) मध्ये जवळजवळ अखेरपर्यंत श्रोता दिसतच नाही. सारे लक्ष रंगमंचावर. गर्दी दिसली तरच मैफलीची ऊब लागते, असे काहींना वाटते. गर्दी म्हणजे व्यत्यय, असे इतरांना.

पंडवानीच्या चित्रणाबाबतही अशीच दोन टोकांची मते संभवतात. एक बाजू म्हणेल की मांडवात शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला तीजनबाईंच्या डोळ्यांतील अंगार कधी दिसलाच नसता. कॅमेऱ्याने तो दाखविला. दुसरी बाजू म्हणेल की रात्रीमागून रात्री चालणारी कथा मालिकेच्या एका भागात कोंबल्यावर राहते काय? दोन्हींत तथ्य आहे. मात्र पंडवानीची एक सोय या वादात सहसा लक्षात घेतली जात नाही, आणि ती फार मोलाची आहे. येथे श्रोता वाद्यवृंदातच बसलेला असतो. त्याला ‘रागी’ म्हणतात. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, विनोद करतो, गायिकेचे वाक्य उचलून पुढे नेतो. मराठी वाचकांना हे नवे वाटू नये. पोवाड्यात शाहिरामागे ‘जी जी’ म्हणणारे झीलकरी आणि गोंधळात नायकाला प्रश्न विचारणारा साथीदार हे त्याचेच भाऊबंद. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढात मराठी माणसे वसली. या दोन परंपरांनी एकमेकींना ओळखले असेल तर नवल नाही.

म्हणूनच कॅमेऱ्यासमोर मांडव रिकामा असला, तरी पंडवानी रॉक मैफलीइतकी पोरकी होत नाही. उणीव राहते ती वेगळ्याच ठिकाणी. समोर बायाबापड्या बसलेल्या असतील, तर द्रौपदीचा प्रसंग किती लांबवावा हे गायिका त्यांच्या चेहऱ्यांवरून ठरविते. चित्रणात तो निर्णय संकलकाच्या हाती जातो.

तीजनबाईंना २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. भिलाईच्याच उषा बारले यांना कापालिक शैलीतील गायनासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलीने उभे राहून गाण्यावर जेथे बहिष्कार पडला, त्याच परिसरातील ही घटना आहे. जुनी चित्रणे आता मोबाइलवरही पाहता येतात. दुःशासनवधाचा प्रसंग सापडला, तर एकदा तीजनबाईंवरून नजर काढून मागे बसलेल्या रागीकडे पाहावे. कथा त्याला तोंडपाठ असते. तरीही पुढे काय झाले, हे तो दर वेळी विचारतो.