वादळात बोलत राहिलेले केंद्र

२९ ऑगस्ट २००५ च्या सोमवारी सकाळी कतरिना चक्रीवादळ अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर, ब्युरास गावाजवळ धडकले. वाऱ्याचा वेग तेव्हा ताशी सुमारे २०० किलोमीटर होता. तिथून वर न्यू ऑर्लिन्स शहरात, सुपरडोम या प्रचंड क्रीडागृहाच्या शेजारच्या उंच इमारतीत डब्ल्यूडब्ल्यूएल या रेडिओ केंद्राचा स्टुडिओ होता. वाऱ्याने स्टुडिओच्या काचा फोडल्या. निवेदक गार्लंड रॉबिनेट एका अडगळीच्या खोलीत शिरले आणि तिथून बोलत राहिले.

त्याच दिवशी कालव्यांच्या पूरभिंती कोसळल्या आणि पुढे शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादळाच्या पट्ट्यात तीस लाखांहून अधिक फोन बंद पडले, एक हजाराहून अधिक मोबाईल मनोरे मुके झाले, संकटकाळी फोन करायची ३८ मदतकेंद्रे ठप्प झाली. न्यू ऑर्लिन्स परिसरात ४१ रेडिओ केंद्रे होती. वादळानंतर त्यांपैकी अवघी चार चालू राहिली. डब्ल्यूडब्ल्यूएल त्यांतले एक. पाण्याने वेढलेल्या माणसाला बाहेर काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग म्हणजे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर किंवा उंचावर उभ्या गाडीतला रेडिओ, आणि त्यावर ८७० किलोहर्ट्झवर ऐकू येणारा हा आवाज.

असे प्रसारण योगायोगाने घडत नाही. त्यामागे यंत्र असते, वर्षानुवर्षांची तयारी असते आणि गावाची ओळख असते. या तीन गोष्टींपैकी एकही कमी पडली तर वादळात रेडिओ केवळ खरखर ऐकवतो.

डब्ल्यूडब्ल्यूएल मार्च १९२२ मध्ये सुरू झाले, ते जेझुइट पंथीयांच्या लॉयोला विद्यापीठाचे केंद्र म्हणून. विद्यापीठाने ते १९८९ पर्यंत चालवले आणि मग विकले. तोवर ते पन्नास हजार वॅट शक्तीचे, मध्यम लहरींवरचे बलाढ्य केंद्र झाले होते. दिवसा त्याचा आवाज मेक्सिकोच्या आखाताचा मोठा किनारा व्यापतो. रात्री तो शेकडो किलोमीटर दूर जातो, कारण मध्यम लहरी अंधार पडल्यावर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन लांब उतरतात. ह्यूस्टन किंवा अटलांटाच्या बाजूला निघून गेलेली कुटुंबे रात्री गाडीत बसून आपल्या शहराची खबर ऐकू शकली, ती याच गुणामुळे.

वादळात मध्यम लहरींचा आणखी एक फायदा होतो. या लहरी जमिनीला धरून प्रवास करतात आणि ओल्या जमिनीवरून, खाऱ्या पाण्यावरून त्या विशेष चांगल्या जातात. दलदलीच्या या मुलुखात निसर्गानेच त्यांची सोय केली आहे. केंद्राचा प्रक्षेपक शहरात नव्हता. तो मिसिसिपी नदीच्या पलीकडल्या काठावर, एस्टेल येथे होता. स्टुडिओ एकीकडे आणि प्रक्षेपक दुसरीकडे ही रेडिओची नेहमीची रचना असते. संकटात तीच ताकद ठरते आणि तीच दुबळी जागाही. स्टुडिओ गेला तरी प्रक्षेपक उभा असेल तर दुसरीकडून आवाज पाठवता येतो. पण दोघांना जोडणारा दुवा तुटला, जनरेटर तळमजल्यावर असल्याने बुडाला किंवा डिझेलचा टँकर पोहोचला नाही, तर पन्नास हजार वॅट आणि शून्य वॅट यांत काही फरक राहत नाही. म्हणून अशा केंद्रात वादळाच्या मोसमापूर्वीच प्रश्न विचारावे लागतात. जनरेटर किती उंचीवर आहे? डिझेल किती दिवस पुरेल? रस्ता बंद झाला तर ते कोण आणणार? निवेदक कुठे झोपणार, काय खाणार?

प्रसारणाचे काम वादळाच्या दोन-तीन दिवस आधी सुरू होते. कतरिनाच्या आदल्या दिवशी, रविवारी, स्लायडेल येथील हवामान कार्यालयातून रॉबर्ट रिक्स या हवामानतज्ज्ञांनी एक इशारापत्र काढले. त्याची भाषा हवामान खात्याच्या नेहमीच्या भाषेपेक्षा इतकी वेगळी होती की काहींना ते खरेच वाटेना. परिसराचा बहुतेक भाग कित्येक आठवडे राहण्यालायक उरणार नाही, असे त्यात सरळ लिहिले होते. घरांचे, छपरांचे, पाण्याच्या टंचाईचे काय होईल तेही एकेका ओळीत सांगितले होते. वाऱ्याचा वेग सांगून माणूस घर सोडत नाही. आपल्या छपराचे काय होणार हे कळले की तो उठतो. रिक्स यांनी ते लिहिले आणि रेडिओ-दूरदर्शनच्या निवेदकांनी ते वाचून दाखवले. त्याच सकाळी महापौर रे नेगिन यांनी शहर सक्तीने रिकामे करण्याचा आदेश दिला.

वादळाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये एक सल्ला पिढ्यान् पिढ्या दिला जातो: पोटमाळ्यावर कुऱ्हाड ठेवा. १९६५ च्या बेट्सी चक्रीवादळात पाणी चढू लागले तेव्हा माणसे माळ्यावर गेली आणि छप्पर फोडायला हाताशी काही नसल्याने तिथेच अडकली. तेव्हापासूनचा हा धडा. दूरच्या शहरात बसून देशभराचा कार्यक्रम वाचणाऱ्याला हे सुचणार नाही. स्थानिक निवेदकाला ते सांगण्यासाठी कागद लागत नाही.

पाणी भरल्यावर केंद्राचे स्वरूप बदलले. बातम्या देणारे केंद्र बातम्या घेऊ लागले. ज्यांचे फोन अजून चालू होते ते लोक माळ्यावरून, छपरावरून फोन करू लागले. कोणत्या रस्त्यावर पाणी किती, कुठे म्हातारी माणसे अडकली आहेत, कोणता पूल चालू आहे, हे श्रोतेच सांगत होते आणि श्रोतेच ऐकत होते. सरकारी यंत्रणेची स्वतःची दळणवळण व्यवस्था कोलमडली होती. अशा वेळी एका सामान्य माणसाचा फोन हीच सर्वांत ताजी माहिती असू शकते. पण त्यात धोकाही असतो. संकटात अफवा वेगाने धावतात आणि कतरिनाच्या त्या आठवड्यात आसऱ्याची जागा बनलेल्या सुपरडोममधील हिंसाचाराच्या ज्या कहाण्या जगभर पसरल्या, त्यांतल्या पुष्कळशा पुढे खोट्या किंवा फुगवलेल्या निघाल्या. म्हणून फोनवर आलेली गोष्ट कोणी सांगितली, कुठून सांगितली, त्याने स्वतः पाहिली की ऐकली, हे विचारूनच पुढे न्यावी लागते. माहीत नसेल तर माहीत नाही असे हवेत सांगण्याचे धाडस लागते. चांगल्या निवेदकाची परीक्षा तिथे होते.

१ सप्टेंबरच्या संध्याकाळी महापौर नेगिन यांनी रॉबिनेट यांना फोनवर मुलाखत दिली. मदत वेळेवर न आल्याचा संताप त्यांनी अडवून ठेवला नाही आणि बोलता बोलता दोघांचेही आवाज भरून आले. ती मुलाखत देशभर वाजली. एका शहराची हाक राजधानीपर्यंत जायला एक फोन आणि एक चालू मायक्रोफोन पुरला.

याच दिवसांत एक गोष्ट घडली, जी एरवी रेडिओच्या धंद्यात कधी घडत नाही. डब्ल्यूडब्ल्यूएलची मालक कंपनी एंटरकॉम आणि तिची कट्टर प्रतिस्पर्धी क्लिअर चॅनेल यांनी हातमिळवणी केली. दोन्हीकडचे निवेदक, तंत्रज्ञ आणि बातमीदार बॅटन रूज येथे क्लिअर चॅनेलच्या स्टुडिओत शेजारी शेजारी बसले आणि ‘युनायटेड रेडिओ ब्रॉडकास्टर्स ऑफ न्यू ऑर्लिन्स’ या नावाने एकच कार्यक्रम अनेक फ्रिक्वेन्सींवर ऐकवू लागले. एरवी गाणी किंवा खेळ यांवर बोलणारेही पाण्याच्या टँकरची जागा आणि हरवलेल्या नातेवाइकांची नावे सांगू लागले. कार्यक्रम लघुलहरींवरून आणि इंटरनेटवरूनही गेला. जाहिराती, श्रोतृसंख्या, स्पर्धा हे सगळे बाजूला ठेवता येते, हे त्यांनी करून दाखवले.

त्यानंतरच्या वादळांतही हेच चित्र पुन्हा दिसले. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिको बेटाची वीज पूर्ण घालवली. ती सगळीकडे परतायला सुमारे अकरा महिने लागले. बेटावरील ९५ टक्के मोबाईल मनोरे बंद होते. तेव्हा ६८० किलोहर्ट्झवरील वापा रेडिओ चालू राहिला. गावोगावचे लोक त्याच्या स्टुडिओच्या दाराशी येऊन आपले निरोप सांगत. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातील अ‍ॅशव्हिल हे डोंगरातले शहर जगापासून तोडले तेव्हा लोक गाड्यांभोवती गोळा होऊन प्रशासनाचे निवेदन रेडिओवर ऐकत होते. एकविसाव्या शतकाची पंचवीस वर्षे सरत आली होती, हाताहातांत स्मार्टफोन आला होता, तरी संकटात माणसे या जुन्या यंत्राकडेच वळली. कारण सोपे आहे. मोबाईलचे जाळे शेकडो मनोऱ्यांवर उभे असते आणि प्रत्येकाला वीज लागते. रेडिओला एक मनोरा आणि एक जनरेटर पुरतो, आणि ऐकणारे हजार असोत की दहा लाख, लहरींवर भार पडत नाही.

मात्र मनोरा उभा असून माणूस नसेल तर काय होते, याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटातील मायनॉट शहराजवळ मालगाडी घसरली आणि अमोनिया वायूचा ढग शहरावर आला. शहरातील सहा व्यावसायिक केंद्रे एकाच मोठ्या कंपनीच्या मालकीची होती आणि रात्री कार्यक्रम बरेचसे यंत्रावर चालत. पोलिसांना फोनवर केंद्रातील माणूस मिळेना. दोष उपकरणाचा, पोलिसांचा की केंद्राचा, यावर पुढे वाद झाला. त्या वादाचा निकाल काही लागो, रात्रपाळीला माणूस बसवण्याचा खर्च वाचवला की त्याची किंमत अशा रात्री कळते, एवढे मायनॉटने दाखवून दिले.

आपल्याला हे सगळे परके नाही. कतरिनाच्या सुमारे महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबई जागच्या जागी थांबली, मोबाईल लागेनासे झाले, माणसे रात्रभर गाड्यांत आणि कार्यालयांत अडकली. त्या वेळी खासगी एफएम केंद्रांना बातम्या देण्याची परवानगी नव्हती आणि आजही त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणाने मात्र रहदारी, हवामान आणि नैसर्गिक आपत्तीविषयीची प्रशासनाकडून आलेली माहिती ‘बातमी’च्या बाहेर काढली, म्हणजे ती सांगायला वाट मोकळी झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि पलीकडे दापोली, मंडणगड या तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या, कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली आणि फोनही मुके झाले. वादळ येणार हे कोकणाला नीट कळले होते. हवामान खात्याचे इशारे आले होते, बंदरांवर बावटे लागले होते, मच्छीमारांना समुद्रात न जाण्याची सूचना आकाशवाणीने नेहमीप्रमाणे दिली होती. उणीव भासली ती वादळानंतर. पत्रे आणि ताडपत्री कुठे मिळते, कोणता घाट खुला आहे, पंचनामा कधी होणार, पलीकडच्या वाडीत कोण जखमी आहे, हे सांगणारा आवाज तालुक्यापुरता, गावापुरता असावा लागतो.

असा आवाज भारतात उभा राहू शकतो. तमिळनाडूत रामेश्वरमजवळच्या पांबन बेटावर ‘कडल ओसै’ हे छोटे सामुदायिक केंद्र मच्छीमारांसाठीच चालते आणि वारा-लाटांची माहिती त्यांच्या बोलीत देते. आपल्याकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आकाशवाणीची केंद्रे आहेत; त्यांना कोकणची बोली आणि वाड्यांची नावे ठाऊक आहेत. या केंद्रांत स्थानिक कार्यक्रमांचे तास आणि स्थानिक माणसे कमी होऊ न देणे ही करमणुकीची बाब नाही, ती सुरक्षेची बाब आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाईल उत्पादकांना फोनमधील एफएम रिसीव्हर चालू ठेवण्याचा सल्ला दिला, तो याच कारणासाठी. त्याच वर्षी अमेरिकेत मोटारींतून मध्यम लहरींचा रेडिओ काढून टाकण्याच्या कंपन्यांच्या निर्णयाविरुद्ध संसदेत विधेयक मांडले गेले.

उपग्रह वादळ येण्याआधी आठवडाभर त्याचा माग काढू शकतो. पण वादळ येऊन गेल्यावर तुमच्या गल्लीत काय करायचे, हे तुमची गल्ली ओळखणारा माणूसच सांगू शकतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्ह्यात पावसाळ्यापूर्वी प्रशासन, हवामान खाते आणि रेडिओ केंद्र यांनी एकत्र बसून ठरवावे: केंद्रावर रात्री कोण असेल, जनरेटर कुठे ठेवायचा, डिझेल कोण देणार, श्रोत्यांचे निरोप कोण तपासणार. आणि वाचकहो, तुम्ही समुद्राकाठी किंवा नदीकाठी राहत असाल, तर मे महिन्यात घरात एक सेलवर चालणारा रेडिओ आणि सेलची एक जादा जोडी आणून ठेवा, आणि आपल्या जवळच्या केंद्राची फ्रिक्वेन्सी भिंतीवर लिहून ठेवा.