क्वांट व्हायचंय बॉस? आधी गणिताशी दोस्ती करा!

मालाडच्या माइंडस्पेसमध्ये एक्सेल शीटवर दिवस काढणाऱ्या अनेकांना 'क्वांट' व्हायचंय. म्हणजे गणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगच्या जोरावर ऑप्शनची किंमत आणि जोखीम मोजणारा माणूस. पॅकेज भन्नाट, पण कॉलेज कुठलं?

एमबीएचा मोह आधी बाजूला ठेवा. क्वांटच्या इंटरव्ह्यूत प्रोबॅबिलिटीची कोडी घालतात, तिथे मार्केटिंगचे फंडे कामाचे नाहीत! त्यापेक्षा महालनोबिसांनी १९३१मध्ये कोलकात्यात काढलेल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं एम.स्टॅट बघा. प्रवेश परीक्षा घाम काढते, पण निवड झाली की स्टायपेंडही मिळतो. घराजवळच हवं असेल तर पवईच्या आयआयटीत संख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे, 'जॅम' परीक्षेतून. शेजारच्या गोरेगावात रिझर्व्ह बँकेने १९८७मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तिथे ओढा अर्थशास्त्राकडे.

बीकॉमवाल्यांनो, पात्रता आधी तपासा. संख्याशास्त्राला बहुतेक ठिकाणी पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र लागतं.

आणि नोकरीचं काय? हे अभ्यासक्रम पूर्णवेळ, दोन वर्षांचे. फ्लॅटचा ईएमआय तेवढं थांबत नाही. म्हणून राजीनामा टाइप करण्याआधी सहा महिने रोज रात्री लिनिअर अल्जिब्रा सोडवून बघा. कंटाळलात, तर नोकरी शाबूत आहे. मजा आली, तर फॉर्म भरा.